नवसागर, हिरवे ठिपके आणि तीन आठवड्यांचा परदेश

सोलापूरहून आलेलं पत्र, थोडं आवरून:

'मॅडम, माझं वय २६. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. आमच्या घरचा धंदा तांबटकामाचा, बाबा अजूनही दुकानात बसतात. दोन वर्षांपासून मी एका छोट्या खासगी संग्रहालयात मानधनावर काम करते. तलवारी, कट्यारी, पितळी समया, काशाची भांडी, नाणी, दोन ताम्रपट, असा सगळा मिळून चारेकशे वस्तूंचा संग्रह आहे. नोंदी, फोटो आणि साफसफाई माझ्याकडे आहे. युरोपातल्या एका विद्यापीठानं धातूच्या वारसावस्तूंच्या जतनाचं तीन आठवड्यांचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण जाहीर केलंय. निवड झाली तर निम्मी फी माफ होते, पण उरलेली फी, विमान आणि राहणं धरून दोन लाखांच्या वर जातील. बाबा म्हणतात, "भांडी घासायला शिकायला एवढ्या लांब कशाला जायलीस?" आई म्हणते, आधी लग्नाचं बघू. विश्वस्त म्हणतात, परदेशाचं नंतर, सप्टेंबरच्या प्रदर्शनाआधी सगळ्या तलवारी चकचकीत करून दे. शिवाय एका काशाच्या घंटेवर हिरवे ठिपके येतात. पुसले तरी पावसाळ्यात परत येतात. मी अर्ज करू का? तुमच्या मुलीच्या वयाची आहे, अगंतुगं केलंत तरी चालेल.'

आधी तलवारींचं बोलते. अर्ज पुढच्या वर्षीही करता येईल, पण एकदा घासलेली तलवार कुणालाच पूर्ववत करता येत नाही.

मी स्वतः हेच जतनाचं काम करत होते तेव्हा, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, माझ्या टेबलावर एक कट्यार आली होती. मूठ काळपट-तांबूस गंजानं पार झाकलेली. मी तारेचा ब्रश घेतला आणि अर्ध्या तासात मूठ लख्ख केली. मग टेबलावर पडलेल्या गंजाच्या भुकटीकडे लक्ष गेलं. तिच्यात केसाएवढ्या चांदीच्या तारा होत्या. ती कोफ्तगरी होती. लोखंडावर आडव्यातिडव्या बारीक रेघा मारून त्यावर चांदीची किंवा सोन्याची तार ठोकून बसवतात. खालचं लोखंड गंजून फुगलं की तार उचलली जाते, पण त्याच गंजाच्या आधारानं ती जागेवर राहते. मी तो आधारच खरवडून काढला होता. अर्धी वेलबुट्टी गेली. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तपासणीला तो कप्पा उघडताना माझा हात जड व्हायचा.

तुमच्या तलवारींच्या मुठींवर असं काम असेल की नाही, मला इथून सांगता येणार नाही. गंजाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय तुलाही सांगता येणार नाही, आणि विश्वस्तांना तर नाहीच. पात्यांचंही तेच. चांगल्या जुन्या पोलादाचं पातं उजेडात तिरकं धरलं तर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. त्याला जौहर म्हणतात. बफिंगचं चाक फिरलं की ती नक्षी दिसेनाशी होते आणि उरते ती बाजारात मिळणाऱ्या तलवारीसारखी चमक. अक्कलकोटचं शस्त्रागार तुला जवळ आहे. एकदा विश्वस्तांना घेऊन जा. जुनं शस्त्र जुनं दिसलं तरी माणसं त्याच्यासमोर थांबतात, हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे.

त्यांना नुसतं तोंडी 'नको' म्हणू नकोस. लेखी दे, आणि नकाराबरोबर दुसरं काहीतरी दे. मऊ ब्रशनं धूळ काढता येईल. वर्षानुवर्षं चोपडलेलं खोबरेल तेल आता चिकट होऊन धूळ धरत असणार. ते कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हाइट स्पिरिट घेऊन हलक्या हातानं उतरवता येईल, पण आधी कोपऱ्यात चाचणी करून, आणि मूठ, म्यान किंवा कापड-चामड्यापासून लांब. पात्याचा धातू घट्ट असेल तिथे मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देता येईल. प्रकाशयोजना बदलता येईल. बहुतेक वेळा ज्याला लोक 'मळकं' म्हणतात, ते वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटचं काम असतं. खंडेनवमीला शस्त्रांवर हळदकुंकू वाहत असतील तर तेही बंद करायला सांगू नकोस. पुढे ताम्हन ठेव आणि त्यात वाहायला सांग. पूजा होते आणि पातं कोरडं राहतं.

आता घंटा. मला तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच वाटली आणि तू ती शेवटी, जाता जाता लिहिलीस.

जुन्या तांब्या-काशावर गडद, गुळगुळीत, धातूला घट्ट धरून बसलेली हिरवट-तपकिरी झाक असते. ती राहू द्यायची, ती वस्तूला सांभाळते. पण ठिपके फिकट पोपटी असतील, टाचणीनं टोकरले तर भुकटी पडत असेल आणि पुसून परत येत असतील, तर ज्याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात ते चालू आहे. नावात रोग आहे, पण जंतू नाहीत, सगळं रसायन आहे. धातूलगत क्युप्रस क्लोराइड हा तांब्याचा क्षार साठलेला असतो. दमट हवा मिळाली की त्याचं फिकट हिरव्या क्षारांत रूपांतर होतं. ते क्षार जास्त जागा घेतात, म्हणून पृष्ठभाग फुटतो, आणि त्या प्रक्रियेत जे आम्ल तयार होतं ते आतल्या ताज्या तांब्याला खातं. तिथे पुन्हा क्लोराइड बनतं आणि चक्र सुरू राहतं. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत ठेवली तर हे बहुतेक थांबतं. म्हणून तुझी घंटा एप्रिल-मेमध्ये, सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, शहाण्यासारखी वागते आणि पावसाळ्यात जागी होते.

हे बाबांना सांग, पण रसायनाच्या भाषेत नको. त्यांना विचार, कल्हई केल्यावर भांड्यावरचा नवसागर नीट धुतला गेला नाही तर काय होतं? ते म्हणतील, भांडं हिरवं पडतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तुझ्या घंटेत बसलेला शत्रू आणि त्यांच्या भट्टीपाशी ठेवलेली पुडी यांचं मूळ एकच, क्लोराइड. फरक इतकाच की घंटेत ते मातीतून, घामातून किंवा कुठल्या जुन्या दुरुस्तीतून शिरलं आणि कुणी वेळेवर धुतलं नाही. तुझे बाबा आयुष्यभर जे करत आलेत त्याचा अर्धा भाग त्या युरोपातल्या वर्गात फळ्यावर समीकरणं मांडून शिकवतील. हे त्यांना एकदा कळू दे, मग 'भांडी घासायला' हा शब्द त्यांच्याच तोंडून जाईल.

घंटेला औषध मात्र आत्ताच लावू नकोस. बेन्झोट्रायझोलचं नाव तू वाचलं असशीलच. अल्कोहोलमध्ये तीन टक्क्यांचं द्रावण करून त्यात वस्तू भिजवतात आणि ते तांब्यावर संरक्षक थर धरतं. पण ते श्वासातून किंवा कातडीतून जाणं बरं नाही. फ्यूम हूड, म्हणजे वाफा बाहेर ओढून टाकणारं प्रयोगशाळेतलं कपाट, नसेल आणि शिकवणारं माणूस शेजारी नसेल तर त्या बाटलीचं झाकण उघडू नये. सध्या एवढंच कर: घंटा पांढऱ्या कागदावर ठेव, आठवड्यानं बघ खाली हिरवी भुकटी पडलीय का, आणि फोटो काढ. पडली असेल तर घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात सुक्या सिलिका जेलबरोबर ठेव. रंग बदलणारं जेल घेतलंस तर नारिंगी घे. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेव. बाजारातले स्वस्त मापक दहा-दहा टक्के चुकतात, म्हणून आधी तपासून घे: बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते नुसतं ओलसर कर, मापकासोबत बंद डब्यात दिवसभर ठेव. मापकानं ७५ टक्के दाखवायला हवेत. जितकं कमीजास्त दाखवेल तितकी त्याची चूक, ती वहीत लिहून ठेव.

ही वहीच तुझा अर्ज आहे.

अशा प्रशिक्षणांना अनेक देशांतून अर्ज येतात आणि 'मला लहानपणापासून वारशाची आवड' हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं. तू लिही: आमच्याकडे कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा असतो, वातानुकूलन नाही, वीज जाते, एका काशाच्या घंटेवर दरवर्षी जूननंतर ठिपके येतात, या माझ्या आर्द्रतेच्या नोंदी आणि हे फोटो, आणि मला असा उपाय शिकायचाय जो एका माणसाच्या संग्रहालयात टिकेल. निवड करणाऱ्याला या चार ओळींत दिसतं की ही मुलगी परत जाऊन काय करणार. आजपासून नोंदी सुरू केल्यास तर मुदतीपर्यंत किती होतील ते तूच मोज. कमी झाल्या तरी चालतील, पण खोट्या नकोत.

तर हो, अर्ज कर. मन लावून कर.

तिथे काय मिळेल तेही सांगते, कारण तू ते विचारलं नाहीस. हात लावण्याआधी बघायला शिकवतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्काल्पेलनं गंजाचा एकेक थर कसा उतरवायचा आणि कुठे थांबायचं, हे पुस्तकातून येत नाही. क्ष-किरणचित्रात गंजाच्या गोळ्याआड लपलेली वस्तू कशी वाचायची, लोखंडातलं क्लोराइड अल्कली द्रावणात कसं बाहेर काढायचं, कुठला लेप पुन्हा काढता येतो आणि कुठला नाही, हे कळतं. आणि वेगवेगळ्या देशांतली तुझ्यासारखीच एकेकटी काम करणारी माणसं भेटतात. पुढची वीस वर्षं अडलं की कुणाला विचारायचं, हे त्या तीन आठवड्यांत ठरतं.

एक गोष्ट मात्र तिथे रोज विचारत जा. लेसर दाखवला, महागडं यंत्र दाखवलं, की लगेच विचार: हे नसेल तर तुम्ही काय कराल? चांगला शिक्षक या प्रश्नानं खूश होतो. उदाहरणार्थ, ऑडी चाचणी. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडींनी ती १९७३ साली मांडली. कपाटाचं लाकूड, फोम किंवा कापड वस्तूशेजारी ठेवण्याजोगं आहे का, हे बघायला त्याचा तुकडा तांबं, चांदी आणि शिसं यांच्या पट्ट्यांसोबत थोड्या पाण्यासह बंद नळीत ६० अंश तापमानात २८ दिवस ठेवतात. पट्ट्या काळवंडल्या किंवा गंजल्या तर ते सामान नापास. हे तुझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये होईल. करून बघ. तुमची प्लायवूडची कपाटं पास होणार नाहीत अशी मला भीती आहे. प्लायमधून निघणारी आम्लवाफ शिशाला तर पार खाऊन टाकते.

अजून एक, आणि हे सोलापूरच्या मुलीला सांगायला मला विशेष आवडतं. तांब्याचे क्षार बुरशी आणि जंतूंना मारतात. त्यामुळे जमिनीत तांब्याला लागून राहिलेला धागा सडता सडत नाही, आणि कधी कधी क्षारच धाग्याची जागा घेऊन विणीचा हुबेहूब ठसा ठेवतात. नेवाशाच्या उत्खननात तांब्याच्या मण्यांच्या माळेत तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा धागा मिळाला तो असाच. मोहेंजोदडोचं सुती कापड चांदीच्या भांड्याला चिकटून टिकलं. म्हणजे आपल्या कापसाचा सगळ्यात जुना पुरावा धातूच्या गंजात सापडतो. ज्या गावात मागाचा खटखटाट ऐकत तू मोठी झालीस, तिथल्या कुणी तरी नाणं चिंचेत टाकण्याआधी भिंगातून बघायला हवं की त्यावर ताणाबाणा दिसतोय का. नाण्यांचा ढीग कापडात बांधून पुरलेला असेल तर वरच्या नाण्यांवर हमखास बघ.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. कर्ज काढून जाऊ नकोस. तीन आठवड्यांच्या प्रमाणपत्रानं पगार वाढत नाही आणि मानधनावरच्या माणसानं दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊ नये. निवडीचं पत्र हातात आलं की आयोजकांना स्पष्ट लिही की उरलेली रक्कम मला परवडत नाही, राहण्याची सोय होईल का. विचारणाऱ्यांना मिळतं, मी पाहिलंय. कार्यक्रम ब्रिटनमध्ये असता तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टकडे बघायला सांगितलं असतं. भारतातल्या जतनतज्ज्ञांच्या किती तरी पिढ्या त्यांच्या मदतीनं शिकून आल्यात. पुढे पूर्ण पदवीसाठी जावंसं वाटलं तर जे. एन. टाटा एन्डॉवमेंट आहे, १८९२ पासूनचं. पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे हे लक्षात ठेव. रोमच्या इक्रॉम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जाहिरातीही बघत जा. ही संस्था काढायचं १९५६ साली युनेस्कोच्या दिल्लीतल्या अधिवेशनातच ठरलं होतं, त्यामुळे तिथे अर्ज करताना संकोच वाटायचं कारण नाही. धातूच्या जतनावरची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद तीन वर्षांनी एकदा भरते. २०१६ साली ती दिल्लीत झाली होती.

पैसे जमले नाहीत तर वर्ष फुकट जाऊ देऊ नकोस. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा १९७६ पासून हेच काम करते आणि प्रशिक्षण देते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलीस की सकाळी मुंबईत. आधी पत्र लिही आणि दोन दिवस काम बघू द्याल का असं विचार. खरं तर परदेशाला निवड झाली तरी त्याआधी हे कर. ज्यानं इथे आठ दिवस कुणाच्या तरी हाताखाली काम केलंय तो तिथे तीन आठवड्यांत तिप्पट शिकतो.

जाताना एक काळजी घे. वस्तूचा तुकडा, नाणं, अगदी गंजाचा नमुनाही बॅगेत टाकू नकोस. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि 'नुसता तपासायला नेत होते' हे विमानतळावर कुणी ऐकून घेत नाही. फोटो ने, वही ने. वस्तूंचे फोटो वर्गात दाखवायला विश्वस्तांची लेखी परवानगीही घे.

बाबांकडे पुन्हा येते. तुझ्याकडे जे आहे ते तिथल्या बहुतेकांकडे नसेल. मठारलेल्या तांब्याचा आवाज तुला कळतो. भांड्याचा जोड कुठे आहे, डाग नंतर दिलेला आहे की मुळातला, हे तुला बोट फिरवून कळत असणार. ही मोठी ठेव आहे, आणि याच ठेवीचा धोकाही आहे. तांबटाचा हात पोचा दिसला की उठवतो, भोक दिसलं की बुजवतो. त्यासाठीच गिऱ्हाईक त्याच्याकडे येतं. पण संग्रहालयातल्या हंड्याचा पोचा कदाचित दीडशे वर्षांपूर्वी विहिरीच्या काठावर पडलेला असतो आणि तो त्याच्या गोष्टीत मोजायचा असतो. बाबांना एक दिवस संग्रहालयात बोलव. वस्तूला हात न लावता नुसतं बघून सांगायला लाव की हे कसं घडवलंय. ते बोलतील ते शब्द न शब्द लिहून घे. हत्यारांची नावं, जोडांची नावं, सगळं. ती यादी मला कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळाली नाही, आणि ज्यांना ती पाठ आहे ते आता फार उरलेले नाहीत.

आईला सांग, तीन आठवडेच आहेत. त्यात कुठलंही चांगलं स्थळ हातचं जात नाही. आणि जे तेवढ्यानं जाईल त्याच्या घरी तुला भिंग घेऊन बसू देतील असं मला वाटत नाही. पण आईशी बोलताना घाई नको, आवाज चढवू नकोस. तिची भीती पैशांची आणि परक्या देशाची आहे, ती लग्नाच्या नावाखाली बोलते. विमा, राहण्याची जागा, कुणाला फोन करायचा, हे सगळं एका कागदावर लिहून तिच्या हातात दे.

विश्वस्तांचं पत्र मात्र उद्याच दे. मी वर सुचवलेल्या कामांत दोन-तीन आठवडे जातील आणि सप्टेंबर लांब नाही. पत्राची एक प्रत तुझ्याकडे ठेव. त्याच दिवशी ओल्या मिठाचा डबा लाव, म्हणजे पहिला मोठा पाऊस येण्याआधी मापकाची चूक तुझ्या वहीत लिहिलेली असेल.